लोकांच्या हाती हवामान-निधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. काही निधी मागणाऱ्या गटांचे, काही निधी द्यायची इच्छा असलेल्या पण कसा द्यावा हे न उमगलेल्या देणगीदारांचे. मुद्दाम एकत्र ठेवलेत, म्हणजे एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्याही नजरेखालून जाईल. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत.

१. हवामानबदलाला तोंड देणं म्हणजे झाडं लावणंच ना?

झाडं लावा, पण या पानाचा विषय वेगळा आहे. हवामानाच्या कामाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला, कोळसा, तेल आणि वायू जाळणं घटवून उत्सर्जन कमी करणं. दुसरा, जे बदल आता टळणार नाहीत त्यांच्यात तग धरणं. सरकारी कागदांत याला 'अनुकूलन' म्हणतात. पुराचा इशारा घराघरांत वेळेवर पोचणं, जमिनीची कागदपत्रं भिजणार नाहीत अशा जागी असणं, उन्हात राबणाऱ्यांच्या कामाच्या वेळा बदलणं, दुष्काळात कुठलं कुरण कधी उघडायचं ते आधी ठरलेलं असणं, हे सगळं या दुसऱ्या भागात येतं, आणि हे पान मुख्यतः त्याच्या पैशांबद्दल आहे. तग धरूनही जे गमवावं लागतं त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

२. वादळ सगळ्यांवर सारखंच येतं. मग यात सामाजिक न्याय कुठून आला?

वादळ सारखं येतं, मरण सारखं येत नाही. १९९१ साली बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. २० ते ४४ या वयोगटात दर हजार स्त्रियांमागे ७१ मृत्यू झाले आणि पुरुषांत हे प्रमाण १५ होतं. दोघांचं वय तेच, समुद्र तोच. इशारा चारचौघांत, म्हणजे पुरुष जिथे जमतात तिथे दिला गेला. बायका घरात होत्या, लेकरं आणि म्हातारी माणसं त्यांच्या अंगावर होती, अंगावरचं वस्त्र पाण्यात पायांत अडकत होतं, पोहायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

त्याच देशाने १९७० च्या वादळानंतर उभी केलेली इशारा देणाऱ्या स्वयंसेवकांची यंत्रणा पुढे वाढत गेली. १९७० मध्ये तीन लाखांहून अधिक माणसं गेली होती; २००७ च्या सिद्र वादळात हा आकडा सुमारे ३,४०० होता. आज तिथे ७० हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. बाईने बाईच्या दारात जाऊन सांगणं हे तिथे हवामानाचंही काम आहे आणि न्यायाचंही. दोन्ही वेगळ्या शीर्षांखाली दाखवा असं निधीच्या अर्जाचा फॉर्म म्हणतो, ती फॉर्मची अडचण आहे.

३. आमच्या प्रकल्पात 'लोकसहभाग' आहेच. 'लोकांनी चालवलेलं' म्हणजे आणखी वेगळं काय?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून थोडं सविस्तर.

सभेला किती जण आले, सह्या किती झाल्या, फोटोत बायका दिसतात का, हा सहभाग झाला. पण कुठल्या कामाला पैसा आणि कुठल्या कामाला नाही हे कुणी ठरवलं? काम अर्धवट राहिलं तर ठेकेदाराचं बिल अडवण्याचा अधिकार कुणाला? अंदाजपत्रकातली एक ओळ खोडायची झाली तर पेन कुणाच्या हातात? या तीन प्रश्नांची उत्तरं गावाबाहेरची असतील, तर त्या प्रकल्पात लोक सहभागी आहेत, तो चालवत मात्र दुसरंच कुणीतरी आहे.

केनियात जिल्ह्यासारख्या भागाला काउंटी म्हणतात. तिथला काउंटी हवामान निधी हा पाहण्यासारखा नमुना आहे. इसिओलो या कोरड्या, पशुपालकांच्या काउंटीत तो सुरू झाला आणि मग आणखी चार काउंट्यांत गेला. तिथे निधीचा ७० टक्के भाग वॉर्ड पातळीवरच्या, लोकांनी निवडलेल्या समित्यांच्या कामांसाठी राखलेला होता, २० टक्के काउंटीच्या सामाईक कामांसाठी आणि १० टक्के चालवण्याच्या खर्चासाठी. समित्यांनी काय निवडलं? पाणवठ्यांची डागडुजी, आणि 'देधा' या बोराना पशुपालकांच्या जुन्या चराई-मंडळांना बळ देणं. कोरड्या दिवसांत कुणाचे कळप कुठे चरतील हे ही मंडळं ठरवतात. बाहेरच्या तज्ज्ञाने यादी केली असती तर त्यात वडीलधाऱ्यांच्या बैठकांचा खर्च आला असता का? मला शंका आहे.

हा सरकारी पैशांवर उभा राहिलेला प्रयोग आहे, देणगीचा नव्हे. पण फाउंडेशनांना, म्हणजे देणग्या देणाऱ्या खासगी संस्थांना, त्यातून उचलण्यासारखं पुष्कळ आहे. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्थानिक नेतृत्वाखालच्या अनुकूलनाच्या आठ तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व हे आहे: निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर न्या.

४. सरकारं आणि मोठाले हवामान निधी असताना फाउंडेशनांच्या चिमूटभर पैशांनी काय होणार?

चिमूटभर हा शब्द बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२३ च्या अहवालानुसार विकसनशील देशांना या दशकात अनुकूलनासाठी वर्षाला २१५ ते ३८७ अब्ज डॉलर लागतील. २०२२ साली श्रीमंत देशांकडून अनुकूलनासाठी आलेला आणि त्यांच्यामुळे उभा राहिलेला पैसा सुमारे ३२ अब्ज होता. त्या वर्षी हवामानासाठी आलेल्या एकूण सरकारी पैशांत कर्जाचा वाटाच मोठा होता. फाउंडेशनांनी तिजोऱ्या उपड्या केल्या तरी ही दरी भरणार नाही. शिवाय जगभरातल्या एकूण देणग्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी पैसा उत्सर्जन कमी करण्याच्या कामांना जातो, असा क्लायमेटवर्क्स फाउंडेशनचा अंदाज वर्षानुवर्षं येतो आहे.

मग उपयोग काय? देणगीचा पैसा परत मागितला जात नाही, निवडणुकीला बांधलेला नसतो आणि फसण्याची जोखीम घेऊ शकतो. नव्या गटाचं पहिलं वर्ष, जमिनीच्या हक्काचा खटला, सरकारी निधी कुठे गेला ते विचारणाऱ्या लोकांचा प्रवासखर्च, अशा गोष्टींना बँक कर्ज देत नाही आणि मंत्रालय अनुदान देत नाही. देणगीचा पैसा इथे लागावा. सरकारचं काम स्वस्तात करून देण्यासाठी तो वापरला तर मात्र वाया गेला, असं माझं मत आहे.

५. एवढे अब्जावधी जाहीर होतात, ते आमच्यापर्यंत का पोचत नाहीत?

२००३ ते २०१६ या काळात हवामान निधींनी मंजूर केलेल्या दर १० डॉलरपैकी एक डॉलरसुद्धा स्थानिक पातळीवरच्या कामाला गेला नव्हता, असं लंडनच्या आयआयईडी या संस्थेने दाखवलं. पुढचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०२१ च्या ग्लासगोतल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत काही सरकारांनी आणि फाउंडेशनांनी मिळून आदिवासी आणि स्थानिक समुदायांच्या वनहक्कांसाठी पाच वर्षांत १.७ अब्ज डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षी त्यांतले ७ टक्के थेट या समुदायांच्या संस्थांना मिळाले. दुसऱ्या वर्षी २.१ टक्के. ज्यांच्या नावाने पैसा जाहीर झाला त्यांचीच ही गत.

यामागे दरवेळी बदमाशी नसते. एक कोटी डॉलरचा एकच करार तपासायला जेवढी माणसं आणि दिवस लागतात, जवळपास तेवढेच दहा हजारांच्या करारालाही लागतात, म्हणून अधिकारी मोठा करार करून मोकळा होतो. तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं, परदेशी भाषेतला प्रस्ताव, खर्च आधी करा मग भरपाई घ्या ही अट: प्रत्येक चाळणी एकेकटी वाजवी वाटते, आणि सगळ्या मिळून फक्त राजधानीतल्या संस्थेलाच आत सोडतात.

आणि वेळ. मी स्वतः एका निधीच्या अर्जांचं काम पाहत असताना शेवटची तारीख पुराच्या हंगामात टाकली होती. आमच्या आर्थिक वर्षाला ती सोयीची होती. एका गटाचा अर्ज निवाऱ्याच्या शाळेतून आला, रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून, एका फोटोच्या कडेला कुणाचा तरी ओला पाय. आम्ही तो 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवला होता. दोन आठवड्यांनी एका सहकाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून तो वाचला गेला. दरवेळी असा सहकारी असतोच असं नाही.

६. आमच्या गटाची नोंदणीच नाही. अर्ज करायचा की नाही?

करा, पण वाट कुठली ते आधी ठरवा. एक म्हणजे नोंदणी असलेली यजमान संस्था शोधणं: ती पैसे स्वीकारते, हिशेब ठेवते, काम तुम्ही करता. दुसरी म्हणजे छोट्या, नोंदणीविना गटांनाही पैसे देणारे स्थानिक निधी. आणि काही वेळा बचत गट किंवा सहकारी संस्था म्हणून साधी नोंदणी करणं हेच सोपं पडतं.

अडचण कायद्यांची असते. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनला तिथल्या कायद्याने धर्मादाय न ठरलेल्या परदेशी गटाला पैसे द्यायचे झाले, तर दोन वाटा आहेत: ती संस्था तिथल्या धर्मादाय संस्थेच्या तोडीची आहे हे कागदोपत्री ठरवणं, किंवा प्रत्येक खर्चावर देखरेखीची जबाबदारी स्वतः घेणं. दोन्ही शक्य आहेत. 'आमचे नियम परवानगी देत नाहीत' असं कुणी म्हणालं तर कुठला नियम ते नम्रपणे विचारा. पुष्कळदा तो कायदा नसून कार्यालयाची सवय निघते.

उलट टोकाचं उदाहरण भारताचं. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करण्यावर बंदी आली, दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरीही. त्यामुळे परदेशी पैशांसाठी तिथे 'यजमान घेईल आणि आम्हाला देईल' ही वाट चालत नाही. इथे सवय नाही, खराच कायदा आडवा आहे. सही करण्याआधी त्या देशातल्या सनदी लेखापालाला विचारा.

७. मधल्या संस्थेने किती टक्के ठेवले तर योग्य?

टक्का विचारू नका, कशाबद्दल ते विचारा. हिशेब, भाषांतर, कायद्याची कागदपत्रं, देणगीदाराचे हप्ते लांबले तर स्वतःच्या गंगाजळीतून तुमचा हप्ता वेळेवर देणं, हे सगळं करणारी संस्था जास्त घेते आणि ते वावगं नाही. नुसते पैसे पुढे ढकलणाऱ्या संस्थेने थोडेसे ठेवले तरी जास्त झाले. मूळ करार पाहायला मागा. दाखवायला नकार मिळाला तर टक्क्याची चर्चा तिथेच संपली.

८. प्रस्तावात असं काय लिहिलं की मंजूर होतो?

हमखास युक्ती कुणाकडेच नाही. वाचणारा म्हणून सांगतो, मला काय अडवतं: 'सर्वांगीण विकास', 'जनजागृती', 'क्षमताबांधणी'. या शब्दांनी पान भरतं, गाव दिसत नाही. याउलट 'गेल्या खेपेला पाणी रात्री दोन वाजता आलं, खालच्या वस्तीत १७ घरं, त्यांतल्या चार घरांत चालता न येणारी माणसं, होडी एकच आणि तिला तळाशी भोक' असं लिहिलेलं असेल तर पुढचं अंदाजपत्रक आपोआप पटतं.

कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, फोन हे खर्च लपवू नका. ते 'इतर'मध्ये कोंबणारे गट पुढे ऑडिटमध्ये अडकतात. देणगीदारांसाठी: प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर आवळून 'भक्कम आर्थिक शिस्त' मागणं म्हणजे चूल पेटू न देता जेवणाची वाट पाहणं. शक्य असेल तर मोकळा, कामाशी न बांधलेला निधी काही वर्षांसाठी द्या. अमेरिकन अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून हजाराहून अधिक संस्थांना असेच मोठे, अटींविना पैसे दिले. ते उधळले जातील ही भीती खरी ठरल्याचं दिसत नाही.

९. अंदाजपत्रक मंजूर झालं आणि मध्येच पूर आला. प्रशिक्षणाचे पैसे बचावासाठी वापरले तर गुन्हा ठरेल का?

करारात काय लिहिलंय त्यावर आहे. बऱ्याच करारांत खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात ठरावीक टक्क्यांपर्यंत पैसे वळवायला पूर्वपरवानगी लागत नाही. त्यापुढे लागते. पूर चालू असताना परवानगी मागायची तर एका ओळीचा संदेश पुरतो: 'पाणी वाढलंय, प्रशिक्षणाच्या रकमेतून नावा घेतोय, तपशील नंतर.' तारीख-वेळ नोंदली जाते, तीच नंतर कामी येते. न सांगता वापरून मागाहून खोट्या पावत्या जोडणं मात्र कधीही नको. हेतू चांगला असला तरी ती फसवणूकच ठरते.

एका नदीकाठच्या गटाचं रजिस्टर मी पाहिलं आहे. एका पानावर: दोर, टॉर्चचे सेल, नावेला डांबर, तीन म्हाताऱ्यांना उचलून नेणाऱ्या पोरांची मजुरी. शेवटच्या ओळीला देणगीदाराच्या तक्त्यात शीर्षच नव्हतं. ती 'किरकोळ'मध्ये गेली, किरकोळची मर्यादा ओलांडली, आणि गटाच्या सचिवाला पदरचे पैसे घालावे लागले. त्या वर्षाचं सगळ्यात उपयोगी काम तेच होतं. तेव्हा करार करतानाच 'आपत्कालीन' असं मोकळं शीर्ष मागा, आणि देणगीदार असाल तर न मागता घाला.

१०. पूर आलाच नाही तर यश कसं दाखवायचं? आणि विमा घेतला तर पुरेसं नाही का?

पूर न येता तयारीचं यश लाभार्थ्यांच्या संख्येत बसत नाही, हे खरं. तेव्हा सराव मोजा: इशारा दिल्यापासून शेवटचं घर रिकामं व्हायला किती मिनिटं लागली, गेल्या वर्षी किती लागली होती. समितीच्या किती निर्णयांत आधी न बोलणाऱ्यांचं म्हणणं टिकलं, हेही इतिवृत्तात सापडतं.

विमा उपयोगी आहे, पण तो जोडीला. आता मापदंडावर चालणारे विमे आले आहेत: पाऊस किंवा तापमान ठरावीक आकड्यापलीकडे गेलं की नुकसानीचा पंचनामा न करता पैसे मिळतात. २०२४ च्या उन्हाळ्यात भारतातल्या 'सेवा' या असंघटित कामगार स्त्रियांच्या संघटनेच्या सुमारे ५० हजार सभासदांना पारा ४० अंशांवर गेल्यावर अशा विम्याला जोडलेल्या योजनेतून पैसे मिळाले, माणशी ४०० रुपये. एका दिवसाची सुटी घेता येईल एवढे. खाचखळगा असा की यंत्रावर ३९.८ दिसलं आणि पत्र्याखाली ४५ असलं, तरी पैसे नाहीत. हप्ता कोण भरतंय तेही विचारा. ज्यांनी हवा तापवली नाही त्यांच्याच खिशातून तो जात असेल, तर प्रश्न २ पुन्हा वाचावा लागेल.

११. घर, शेत, स्मशानभूमीसुद्धा समुद्रात गेली. याला कुठला निधी?

याला 'हानी आणि नुकसान' म्हणतात. यासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी उभारायचं २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत ठरलं आणि २०२३ मध्ये दुबईत तो कार्यान्वित झाला. त्याआधी २०२१ मध्ये ग्लासगोला स्कॉटलंडच्या सरकारने २० लाख पौंड जाहीर केले होते. त्यांतला एक भाग क्लायमेट जस्टिस रेझिलिअन्स फंड या देणगीवर उभ्या राहिलेल्या निधीमार्फत समुदायांपर्यंत गेला. रक्कम किरकोळ, पण मोठी सरकारं शब्द काढायलाही तयार नव्हती तेव्हा पायंडा पडला. स्मशानभूमीची किंमत लावता येत नाही. तरी स्थलांतर करताना पुरलेल्यांचे अवशेष सोबत नेण्याचा खर्च, जुन्या जागेचा नकाशा, गावाच्या आठवणींची नोंद, हे प्रस्तावात लिहा. संकोच नको.

१२. देणगीदाराचा पैसाच तेलातून आलेला असेल तर?

सरसकट उत्तर देत नाही. एक नक्की पाहा: तो धंदा आजही चालू आहे आणि तुमच्याच नदीवर चालू आहे का? असेल तर तुमचा फोटो त्यांच्या वार्षिक अहवालात जाईल आणि उद्या तुमचा विरोधाचा अर्ज फिका पडेल. जुन्या पिढीची संपत्ती असेल तर ती आता कुठे गुंतवली आहे ते विचारा. अमेरिकेत खासगी फाउंडेशनने वर्षाला मालमत्तेच्या साधारण ५ टक्के वाटले की कायदा समाधानी होतो. उरलेले ९५ टक्के कुठल्या शेअरमध्ये बसलेत याकडे फार थोडे जण पाहतात. निर्णय मात्र गटाच्या सभेत घ्या, सचिवाने एकट्याने नको.

१३. कंपनी कार्बन क्रेडिटच्या बदल्यात पैसे देते. ती देणगीच ना?

नाही. कार्बन क्रेडिट म्हणजे कुठेतरी साठवलेल्या किंवा टाळलेल्या कार्बनचं विकत घेता येणारं प्रमाणपत्र. तो सौदा आहे. तुमच्या जंगलाने साठवलेल्या कार्बनवर त्यांचा हक्क सांगणारा, तोही बहुधा काही दशकांचा. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तत्त्व इथे धरून ठेवा: मोकळेपणी, आधी आणि पुरेशा माहितीसह दिलेली संमती. तिघांच्या सह्या म्हणजे संमती नाही.

१४. गावातली दबदब्याची माणसंच समिती बळकावतात. मग ते 'लोकांनी चालवलेलं' कसं?

होतं असं, आणि हे लपवणाऱ्या देणगीदारांमुळे जास्त होतं. काही उपाय चालताना पाहिले आहेत. खर्चाचा फलक पंचायतीत नको, पाणवठ्यावर लावा, जिथे रोज बायका येतात. भूमिहीन, स्थलांतरित, अपंग यांच्या जागा राखून ठेवा आणि त्यांची बुडालेली मजुरी द्या, नाहीतर राखीव जागा रिकामी राहते. तक्रार समितीच्या अध्यक्षाकडेच जाणार नाही याची सोय करा. एवढं करूनही बिनसलं तर निधी थांबवण्याऐवजी त्याच गावातल्या दुसऱ्या गटाशी बोला. तिथल्या बायकांचा वेगळा गट बहुतेकदा असतोच; फक्त त्याच्या नावाचा शिक्का नसतो.

१५. लोकांनी मागितलेला उपायच चुकीचा असेल तर? आम्ही गप्प बसायचं का?

गप्प बसू नका, आणि एकट्याने नकारही देऊ नका. फिजीच्या वनुआ लेवू बेटावरच्या गावांत समुद्रभिंती उभ्या राहिल्या. भिंत मागणं साहजिक होतं. पण नंतर पावसाचं आणि लाटांवरून आलेलं पाणी भिंतीमागे तुंबायला लागलं. अशा वेळी तज्ज्ञाला गावात आणा, तोही गावाच्या भाषेत बोलणारा, आणि दुसऱ्या गावाची फसलेली भिंत पाहायला चार जणांना गाडीखर्च द्या. अहवालापेक्षा ते स्वस्त पडतं. परत आल्यावर गटाने तरीही भिंतच मागितली, तर मी एवढंच विचारेन: पाणी तुंबलं तर वाट करून द्यायची जबाबदारी कुणाची, आणि त्यासाठी किती पैसे वेगळे ठेवायचे? याचं उत्तर नावांसकट आणि रकमेसकट मिळालं की मी सही करतो.